पाय तोडलेलं धुराडं

"ढकललीस! मी स्वतः बघितलं, क्लेम, तू गोटी ढकललीस!"

"हात तरी लावला का मी? हे बघ, दोन्ही हात वर! पोलिसांना शरण आल्यासारखा बसलोय!"

क्लेम पेग्लर खरंच दोन्ही हात डोक्यावर धरून बसला होता आणि त्याची निळी गोटी आपली आपणच निघाली होती. आधी हळू, मग जोरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीतल्या फळ्यांवरून खडखडत ती थेट शेकोटीकडे गेली आणि दगडी कठड्यावर टक्कन आपटली.

थियाने आपली पिवळी गोटी पार दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली ठेवली. तीही निघाली. शेकोटीकडेच!

"गेल्या उन्हाळ्यात आपण इथेच खेळायचो," थिया सावकाश म्हणाली. "तेव्हा गोटी ठेवू तिथे राहायची."

"गेल्या उन्हाळ्यात माझं नशीबही जाग्यावर होतं. आता सगळंच उतरणीला लागलंय."

थिया तेरा वर्षांची, तिचा भाऊ क्लेम दहाचा. शाळेला सुट्टी लागली की दोघं ब्रिस्टलहून स्लेडकोम गावी मॉड आत्याकडे यायची. मॉड आत्या 'स्लेडकोम कोर्ट' नावाच्या जुन्या हवेलीची स्वयंपाकीण. टेकडीच्या कुशीतलं ते मधाच्या रंगाच्या दगडाचं घर चारशे वर्षांचं होतं. छपरावर कौलंसुद्धा दगडाची. मधोमध एक प्रचंड दगडी धुराडं छपरातून वर निघालेलं. धुक्याच्या दिवशी मेंढपाळ त्याच्याकडे बघूनच वाट काढायचे. म्हातारी मालकीण वारली आणि लंडनच्या मिस्टर क्राउलनी घर विकत घेतलं. त्यांना तिथे हॉटेल काढायचं होतं. वसंतापासून घरात तोडफोड चालली होती. येत्या शनिवारी उद्घाटन होतं. अख्ख्या गावाला चहाचं आमंत्रण!

थिया शेकोटीजवळ गुडघे टेकून बसली. भिंतीत छतापासून जमिनीपर्यंत एक उभी भेग होती. कुणीतरी तिच्यावर नुकताच गिलावा फासला होता आणि त्या ताज्या गिलाव्यालाही केसाएवढी नवी भेग गेली होती.

"क्लेम, दार लाव बघू."

क्लेमने दार ओढलं, मग खांद्याने ढकललं, मग लाथ मारली. दार काही केल्या चौकटीत बसेना. चौकटच तिरकी झाली होती.

"हे घर लंगडायला लागलंय," क्लेम म्हणाला. पण या वेळी त्याला स्वतःच्या विनोदाचं हसू आलं नाही.

*

मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात मॉड आत्या पीठ मळत होती.

"आत्या, तुझी जुनी मोठी चूल कुठे गेली? गाय उभी राहील एवढी?"

"पाडली. चूल पाडली, तिच्यामागची भिंत पाडली, दोन खोल्यांचं एक मोठं भोजनगृह केलं. जाऊन बघा, नाचायला जागा आहे! पण पायताणं पुसून जा."

"पण मग वरच्या खोलीतली भिंत—"

"काय झालं वरच्या खोलीतल्या भिंतीला?"

हा आवाज आत्याचा नव्हता. दारात मिस्टर रेक्स उभे होते. घराचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. धिप्पाड माणूस, हसला की फक्त ओठ हसायचे.

"तिला भेग पडलीय," थिया म्हणाली. "आणि गिलावा केल्यावर परत पडलीय."

"जुनी घरं म्हाताऱ्यांसारखी असतात, पोरी. कुरकुरतात, चिडचिडतात. लक्ष द्यायचं नसतं." ते थोडे पुढे आले. "आणि त्या खोलीत परत जायचं नाही. रंग ओला आहे."

ते गेल्यावर क्लेम कुजबुजला, "कसला रंग? त्या खोलीत रंगाचा थेंब नाही!"

"तोंड आवर, क्लेम," आत्या म्हणाली.

"आत्या, ते गवंडी सायलस टिलिंगकाका याच कामावर असताना गेले ना?"

पिठातले हात थांबले. "सायलस अंगणात शिडीवरून पडला. प्यायला होता म्हणे."

"म्हणे?"

"मिस्टर रेक्सनी मृत्यूच्या चौकशीत शपथेवर सांगितलंय. जूनमधली गोष्ट. आता उकरू नका. त्याच्या पोराला तरी जगू द्या."

*

त्याचा पोरगा ॲम्ब्रोज ओढ्याकाठी लाकडं फोडत होता. बारा वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यापर्यंत तो या दोघांबरोबर मासे पकडायचा आणि क्लेमच्या प्रत्येक विनोदावर उलटा टोला हाणायचा. आता त्याने फक्त मान वर केली.

"आलात होय."

"आलो," थिया म्हणाली. "ॲम्ब्रोज, आम्हाला... वाईट वाटलं."

"सगळ्यांनाच वाटतं. मग म्हणतात, बिचारा, पण प्यायला होता ना!" कुऱ्हाड ओंडक्यात खचकन रुतली. "माझ्या बाबांनी प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. मी जन्मायच्या आधी. आमच्या घरात नाताळच्या पुडिंगमध्येसुद्धा दारूचा थेंब पडत नाही!"

मग जणू बांध फुटला. तो बोलतच सुटला. अपघाताच्या आदल्या दिवशी तो बाबांना आणायला स्लेडकोम कोर्टच्या फाटकाशी गेला होता. तिथे रेक्स आणि बाबा भांडत होते. बाबा म्हणाले, "मी त्याच्याखाली जाणार नाही." तरी दुसऱ्या दिवशी गेले.

"का गेले?" क्लेमने विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, मी नाही गेलो तर तो दुसऱ्या कुणाला तरी पाठवेल. ज्याला त्यातलं काही कळत नाही अशा कुणाला तरी."

"कशाच्या खाली पण?"

"तेच तर माहीत नाही!" ॲम्ब्रोजने नाक बाहीला पुसलं. "आणि टोपी सापडली नाही. घरी आणलं तेव्हा डोकं उघडं होतं. बाबा टोपीशिवाय कधी कामाला उभे राहायचे नाहीत. आई ते अंगण दोनदा धुंडाळून आली. अंगणात पडले तर टोपी अंगणातच हवी ना?"

थिया आणि क्लेमने एकमेकांकडे बघितलं.

"आमच्याबरोबर चल," थिया म्हणाली. "तुला एक भेग दाखवायचीय."

"त्या घरात? नाही. मी तिथे पाऊल ठेवणार नाही."

त्यांनी आग्रह केला नाही.

*

थियाने आत्याच्या पिठाची खळ करून कागदाची पट्टी त्या भेगेवर आडवी चिकटवली. भिंत स्थिर असेल तर पट्टी शाबूत राहील, हलत असेल तर फाटेल. इतकी साधी गोष्ट! मग दोघांनी सुतळीने माप घेतलं. खिडकीच्या भिंतीपासून शेकोटीपर्यंत, आधी वर आणि मग तेच खाली, नव्या भोजनगृहात.

सुतळी संपली तिथे लांबलचक मेज होतं आणि त्याच्या टोकाला यजमानाची नक्षीदार खुर्ची. वर बघितलं तर सपाट, पांढरंशुभ्र छत. आजूबाजूला ना खांब, ना भिंत.

"इथे चूल होती," क्लेम म्हणाला. "मी बसायचो ना आत! चुलीच्या वर वरची शेकोटी, तिच्यावर माळा, त्याच्यावर छप्पर आणि त्याच्यावर ते धुराडं. म्हणजे हा सगळा एकच दगडी खांब होता, थिया."

"आणि त्यांनी खालचा भाग काढून टाकला."

"मग वरचा उभा कशावर आहे?"

दोघं हळूच मेजापासून दूर झाली.

शुक्रवारी सकाळी पट्टी मधोमध फाटलेली होती. दोन तुकड्यांच्या मध्ये थियाची करंगळी बसत होती.

"हलतंय," ती म्हणाली.

"कळतंय मला ते," मागून आवाज आला.

तिरक्या चौकटीत ॲम्ब्रोज उभा होता, पांढराफटक. हातात बाबांची पहार होती. "मागच्या जिन्याने आलो. रात्रभर झोप नाही लागली. काय ते दाखवा, लवकर."

शेकोटीसमोरची फळी त्याने पहारीने उचकटली. खाली काळोख आणि चुन्याचा वास. फट अरुंद होती. तिघांत सगळ्यांत बारीक क्लेम.

"नेहमी मीच!" तो पुटपुटला. पण हातात टॉर्च धरून तो डोकं खाली करून आत घुसला. बाकीच्या दोघांनी त्याचे पाय धरले.

"काय दिसतंय?"

"दोन तुळया. जुन्या आहेत, कुठल्यातरी कोठारातून काढलेल्या. सगळे दगड त्यांच्यावर बसलेत. एवढं मोठं धुराडं, थिया, आणि दोन लाकडं! एक तर टोकाशी पिंजलीय. झाडूसारखी." तो आणखी आत सरकला. "पाचरी ठोकल्यात. काही ठोकल्यात, काही नुसत्याच पडल्यात. आणि इथे वरून दगड निखळून पडलाय, मोठा, आणि त्याच्याखाली..."

टॉर्चचा उजेड एका जागी थांबला.

"क्लेम?"

"ॲम्ब्रोज," तो अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "इथे टोपी आहे."

ॲम्ब्रोजने क्लेमचा पाय आणखी घट्ट धरला.

"काढ."

"दगडाखाली अडकलीय."

"काढ म्हटलं ना!"

टोपी अर्धी फाटून हातात आली. चुन्याने पांढरी झालेली आणि एका बाजूने काळपट, कडक. कानाजवळ जाड दोऱ्याचे टाके होते.

"आईने घातलेले टाके," ॲम्ब्रोज म्हणाला. त्याने टोपी दोन्ही हातांत धरली आणि खाली बसला. तो रडला नाही. "बाबा शिडीवर नव्हतेच. याच्याखाली होते. पाचरी ठोकत. दगड डोक्यात बसला आणि मग त्यांना उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. शिडीखाली."

तेवढ्यात त्यांच्या पायाखाली कुठेतरी लाकूड दीर्घ, खोल कण्हलं. तिघंही जिन्याकडे पळाली.

*

"सोमवारी," मिस्टर क्राउल म्हणाले. ते आरशात बघून टाय बांधत होते. "मुलांनो, उद्या सगळं गाव येणार आहे. सोमवारी रेक्सना बघायला सांगतो."

"पण उद्याच पडलं तर?"

"चारशे वर्षं पडलं नाही, ते नेमकं माझ्या चहाला पडेल?"

"चारशे वर्षं त्याला पाय होते!" थिया ओरडली. "तुम्ही ते तोडलेत!"

क्राउलसाहेबांचा हात टायवर थबकला, पण क्षणभरच. कोपऱ्यात उभे असलेले रेक्स आता ओठांनीही हसत नव्हते. "काय सापडलं म्हणालात? दाखव बघू, ॲम्ब्रोज."

ॲम्ब्रोजने शर्टात लपवलेली टोपी छातीशी आणखी घट्ट दाबली. "काही नाही."

गावच्या हवालदाराने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "चौकशी झाली, निकाल लागला. टोपी काय, कुठेही उडून जाते. पण बरं, सोमवारी वर कळवतो."

मॉड आत्याने हात पुसले, परत पुसले. "मी बोलेन क्राउलसाहेबांशी. उद्याचा चहा एकदा पार पडू दे. सोमवारी—"

"सगळ्यांचा सोमवार!" क्लेम पाय आपटत बाहेर पडला. "या गावात रविवारनंतर कुणी जिवंत राहणार असेल तर ना!"

संध्याकाळी वरच्या खोलीच्या तिरक्या दाराला बाहेरून साखळी घालून कुलूप लावलं होतं.

*

शनिवारी पाऊस. त्यामुळे हिरवळीवर मांडायचा चहाही आत आला. भोजनगृह गच्च भरलं. शेतकरी, त्यांच्या बायका, पाद्री, हवालदार, रविवारच्या शाळेची पोरं, कडेवरची बाळं. मेजाच्या टोकाला क्राउलसाहेब. रेक्स मात्र खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या दाराशी उभे. थियाने ते बघितलं. त्यांना माहीत आहे! सगळं माहीत आहे त्यांना!

ती काकडीचे सँडविच वाढत होती. मेजाच्या टोकाशी बसलेली एक म्हातारी बाई कपात बघून कुरकुरली, "माझ्या चहात हे काय पडलं?"

पांढरी पूड. थियाने वर बघितलं. सपाट छतावर एक बारीक रेघ उमटत होती, कुणी पेन्सिलने ओढावी तशी.

तिने तबक खाली ठेवलं आणि मागच्या बोळाच्या दाराकडे बघून मान हलवली.

बोळात क्लेम आणि ॲम्ब्रोज ठरल्याप्रमाणे तयारच होते. लोखंडी बादलीत ओलसर गवत, खाली निखारे. "देवा, हे गवत आता पेटू दे," क्लेम म्हणाला आणि फुंकला. पिवळट, डोळे झोंबणारा धुराचा लोट बोळातून थेट भोजनगृहात घुसला.

"आग! आग! बाहेर पळा! आग!"

कप फुटले, खुर्च्या उलथल्या, बाळं किंचाळली. पण हवालदार दाराशी उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना धक्काबुक्की न होऊ देता बाहेर काढलं. बघता बघता अख्खं गाव पावसात हिरवळीवर उभं होतं.

"कुठंय आग?" कुणीतरी विचारलं. धूर विरत चालला होता.

"आग नाही," थिया म्हणाली. "आम्ही गवत जाळलं. तुम्ही बाहेर यावं म्हणून."

एकच गलका झाला! "काय कार्टी आहेत!" "माझी नवी टोपी भिजली!" "कान उपटा त्यांचे!" क्राउलसाहेब लालबुंद झाले होते. "मंडळी, क्षमा करा. चला, आत चला, चहा थंड होतोय."

लोक वळले. आणि दारात ॲम्ब्रोज आडवा उभा राहिला. दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या दगडांवर. एका मुठीत अर्धी टोपी.

"कुणी आत जाणार नाही!"

"बाजूला हो, पोरा."

"ही माझ्या बाबांची टोपी. या घरात, त्या छताच्या आत, दगडाखाली सापडली. अंगणात नाही! त्यांनी धुराड्याचे पाय तोडले आणि दोन कुजक्या लाकडांवर उभं केलंय. माझे बाबा त्याच्याखाली मेले. प्यायलेले नव्हते!"

"पोरगं दुःखाने वेडं झालंय," रेक्स म्हणाले. "काम पक्कं आहे. मी शब्द देतो."

ॲम्ब्रोजने त्यांच्याकडे बघितलं. मग दारातून एक पाऊल बाजूला सरकला.

"मग जा तुम्ही आत, मिस्टर रेक्स. एकटेच. मेजाच्या टोकाच्या खुर्चीवर बसा. आम्ही इथून बघतो. तुम्ही बसलात तर मी सगळ्यांची माफी मागेन."

सगळं गाव रेक्सकडे बघत होतं.

"जा ना," हवालदार हळूच म्हणाला. "चहा निवतोय."

रेक्सचे पाय हलले नाहीत. त्यांनी छपराकडे बघितलं, मग जमिनीकडे. ते जागचे हलेनात आणि त्या न हलण्यातच सगळ्यांना सगळं कळलं. बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. क्राउलसाहेब दोन पावलं मागे सरले. "मला... मला कल्पना नव्हती. मी कधी विचारलंच नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले.

"आत्या कुठंय?"

क्लेमचा आवाज चिरकला होता. थिया गर्रकन वळली. ही गर्दी, ही डोकी, छत्र्या... मॉड आत्या नव्हती!

आग लागली म्हटल्यावर स्वयंपाकीण कुठे जाईल? पाणी आणायला! आपणच आत्याला आत पाठवलं!

ॲम्ब्रोजच्या बाजूने ती आत पळाली.

आत्या भोजनगृहातच होती. बोळातली बादली विझवून ती मेजाखाली वाकून बघत होती, एखादं पोर मागे तर राहिलं नाही ना!

"आत्या! इकडे ये! धाव!"

"अगं, आधी बघू दे की कुणी—"

तोफ डागावी तसा आवाज झाला. तुळई मोडली. छतावरची ती बारीक रेघ एकदम काळीभोर, रुंद झाली. बाहेरचं दार लांब होतं. पण बाहेरची भिंत जवळ होती. जुनी, कुणीच हात न लावलेली, बैलगाडीच्या रुंदीएवढी जाड! तिच्यातल्या दगडी खिडकीचा कोनाडा एखाद्या गुहेसारखा खोल होता. थियाने आत्याचा हात धरला, तिला ओढलं, कोनाड्यात ढकललं आणि स्वतः तिच्या अंगावर पडली.

मग अख्खं धुराडं खाली आलं. आधी शेकोटी, मग माळा, मग छपरावरचा तो डोंगर. जग काळं झालं. दगडांचा पाऊस पडत राहिला, पडतच राहिला. तो कधी थांबला ते थियाला कळलंच नाही. कानात नुसता घूं आवाज होता आणि तोंडात चुना.

"आत्या?"

"माझा पाय," आत्या कण्हली. "पाय जाग्यावर आहे का गं?"

बाहेरून कुणीतरी खिडकीचे गज तोडत होतं. पहिला हात आत आला तो ॲम्ब्रोजचा, रक्ताळलेला, आणि त्याच्यामागे हवालदाराचा. थिया बाहेर आली तेव्हा क्लेम तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागला. या वेळी त्याला एकही विनोद सुचला नाही.

घराचा मधला भागच नाहीसा झाला होता. जिथे मेज होतं तिथे दगडांची टेकडी होती, वरच्या खोल्यांच्या भिंतींवर चिकटवलेले कागद पावसात लोंबत होते. बायका आपल्या पोरांच्या डोक्यांवरून नुसते हात फिरवत होत्या. हवालदार रेक्सजवळ गेला आणि त्याने त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

*

मॉड आत्याचा पाय वाचला, पण ती पुढे कायम काठी घेऊन चालली. इस्पितळात तिघं भेटायला गेली तेव्हा तिने आधी थियाला जवळ बोलावलं.

"तुमच्यामुळे मी मरतच होते," ती म्हणाली. "आणि सगळ्या गावाला वाचवलंत. दोन्ही लक्षात ठेवा, एक विसरून दुसरं आठवू नका." मग तिने तिघांच्याही कपाळाचे मुके घेतले. क्लेमने आपला लगेच पुसून टाकला. "आणि मी सोमवार म्हणाले होते, तेही मी विसरणार नाही."

सायलस टिलिंगची चौकशी नव्याने झाली. रेक्सना खोटी शपथ घेतल्याबद्दल आणि माणूस कसा मेला ते लपवल्याबद्दल, तर क्राउलना धोका सांगूनही लक्ष न दिल्याबद्दल न्यायालयात उभं राहावं लागलं. चौकशी अधिकारी म्हातारे गृहस्थ होते. निकाल वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "या मुलांनी जे बघितलं," ते म्हणाले, "ते बघायचं काम आमचं होतं. मी त्यांचं कौतुक करतो, आणि आम्हा मोठ्यांना लाज वाटायला हवी असंही म्हणतो. ॲम्ब्रोज टिलिंग, तुझे वडील दुसऱ्याचा जीव वाचवायला त्या जागी गेले होते. हे आता कागदावर लिहिलं आहे, आणि ते कुणी पुसू शकणार नाही."

ॲम्ब्रोजने मान हलवली. त्याच्या आईने त्याचा हात धरला होता.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ॲम्ब्रोज, त्याची आई, थिया आणि क्लेम सायलसच्या थडग्यापाशी गेली. जूनमध्ये त्याला पुरलं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच माणसं आली होती. आज मागे पावलं वाजली. थियाने वळून बघितलं. सगळं गाव येत होतं. कुणी फुलं आणली होती, कुणी नुसतेच मोकळे हात.

सगळ्यांत शेवटी गुत्त्याचा मालक हॉस्किन्स आला. त्याची टोपी हातात होती आणि तो ती गोल गोल फिरवत होता.

"मिसेस टिलिंग," तो खालमानेने पुटपुटला, "सायलस माझ्या दुकानाची पायरी कधी चढला नाही. एकदासुद्धा नाही. मला ठाऊक होतं. पण जूनमध्ये मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून बोललो नाही."

ॲम्ब्रोजची आई त्याच्याकडे बघत राहिली.

"आता बोललात ना?" ती म्हणाली. "मग मोठ्याने बोला, मिस्टर हॉस्किन्स. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. त्यालाही."

हॉस्किन्सने घसा साफ केला, मान वर केली आणि पुन्हा सांगितलं, शब्दन् शब्द, चर्चच्या भिंतीवर आवाज आपटेल इतक्या मोठ्याने.